पाच क्षेपणास्त्रं, एकच मंजुरी: कोणतं सैन्यात कधी पोचलं आणि का

२७ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने आर्मर्ड व्हेइकल निगम लिमिटेड या सरकारी कंपनीशी सुमारे १,८०१ कोटी रुपयांचा करार केला. नाग हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र आणि ते डागणारी साखळीपट्ट्यांची गाडी, अशी सगळी प्रणाली त्यात होती. याच नागला सरकारी मंजुरी मिळाली होती जुलै १९८३ मध्ये. मधे जवळजवळ ४२ वर्षं गेली.

त्या मंजुरीत नाग एकटं नव्हतं. पृथ्वी, त्रिशूल, आकाश आणि अग्नी त्याच्या बरोबरीने मंजूर झाले. कार्यक्रमाचं नाव एकात्मिक मार्गदर्शित क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम, मूळ तरतूद ३८८ कोटी रुपये, मुदत १९९५ पर्यंत. पाचही प्रकल्पांची मुख्य प्रयोगशाळा हैदराबादची डीआरडीएल (संरक्षण संशोधन आणि विकास प्रयोगशाळा), आणि तिचे संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम. पण एकाच घरातल्या या पाच भावंडांची नशिबं अगदी वेगळी निघाली. पृथ्वी १९९४ च्या सुमारास लष्कराला मिळालं. अग्नी १९८९ मध्ये उडालं, मधे पाच वर्षं थांबलं, आणि आज देशाच्या अण्वस्त्र-प्रतिबंधाचा मुख्य आधार आहे. आकाश लष्करात आणि हवाई दलात रीतसर दाखल झालं २०१५ मध्ये. नागचं वर सांगितलंच. त्रिशूल कोणत्याच दलात गेलं नाही.

असं का झालं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. 'शास्त्रज्ञांनी जगाच्या नाकावर टिच्चून करून दाखवलं' आणि 'सरकारी प्रयोगशाळांनी पैसा आणि वेळ वाया घालवला' ही दोन तयार उत्तरं आपल्याकडे कायम फिरत असतात. दोन्हींना पुरावे सापडतात, कारण दोन्ही गोष्टी याच कार्यक्रमात घडल्या. म्हणूनच दोन्ही उत्तरं अपुरी आहेत.

१९८३ च्या आधी

भारताने क्षेपणास्त्राला पहिल्यांदा हात घातला तो १९५८ मध्ये, दिल्लीत, एका छोट्या विशेष शस्त्र विकास गटाच्या रूपाने. त्यातूनच डीआरडीएल उभी राहिली आणि १९६२ मध्ये हैदराबादला गेली. पहिला प्रयत्न होता रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा. तो पुरता आकाराला येण्याआधीच फ्रान्सचं एसएस-११ परवान्यावर बनवायचं ठरलं, आणि त्यासाठी १९७० मध्ये भारत डायनॅमिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. घरचं तयार व्हायच्या आत बाहेरचं मिळालं आणि घरचं मागे पडलं. या प्रकरणात हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१९७२ मध्ये दोन महत्त्वाकांक्षी प्रकल्प निघाले. 'डेव्हिल' म्हणजे सोव्हिएत एसए-२ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र सुटं करून, एकेक भाग समजून घेऊन तसंच्या तसं बनवायचं. 'व्हॅलियंट' म्हणजे सुमारे १,५०० किलोमीटर पल्ल्याचं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र. व्हॅलियंट दोनच वर्षांत, १९७४ मध्ये बंद झालं. डेव्हिल १९८० पर्यंत रखडत चाललं आणि तेही बंद झालं.

डेव्हिलला अपयश म्हणण्याआधी त्यातून काय उरलं ते बघायला हवं. भागाचं माप घेता येतं, पण तो भाग ज्या मिश्रधातूचा आहे तो धातू देशात ओतला जात नसेल तर नुसत्या मापाचा उपयोग काय? नकलेची वाट इथे अडते, हे डीआरडीएलला डेव्हिलने शिकवलं. शिवाय तीन टन रेट्याचं द्रव इंधनाचं इंजिन, जडत्व-मार्गदर्शनाचा अनुभव, चाचणी-मंच आणि हे सगळं हाताळलेली माणसं हाताशी राहिली. पृथ्वीत पुढे तशाच दोन इंजिनांची जोडी बसली. डेव्हिल झालं नसतं तर पृथ्वी पाच वर्षांत उडालं नसतं, असं माझं मत आहे.

मंजुरीचा दिवस

१९८२ मध्ये कलाम इस्रोतून डीआरडीएलमध्ये आले. दोनच वर्षांपूर्वी, १८ जुलै १९८० रोजी, त्यांच्या नेतृत्वाखाली एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत पोचवला होता. संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार व्ही. एस. अरुणाचलम आणि कलाम यांनी क्षेपणास्त्रं टप्प्याटप्प्याने, एकामागून एक विकसित करण्याची योजना मांडली. संरक्षणमंत्री आर. वेंकटरामन यांनी ती बाजूला ठेवायला सांगून सगळी क्षेपणास्त्रं एकाच वेळी हाती घ्या, अशी सूचना केली. रातोरात आराखडा बदलला.

या निर्णयाचं कौतुक खूप झालं. पैसा आणि राजकीय पाठबळ एकदम मिळालं, हे खरंच. पण धोकाही तिथेच होता. संपूर्ण देशात क्षेपणास्त्र-अभियांत्रिकी जाणणारी माणसं मूठभर, आणि ती एकाच वेळी पाच ठिकाणी वाटली गेली. एकाच देशातल्या एकाच प्रयोगशाळेने जमिनीवरून जमिनीवर मारा करणारं, दोन प्रकारची विमानविरोधी, रणगाडाविरोधी आणि अंतराळातून परतणारं अशी पाच वेगवेगळी शस्त्रं पहिल्याच फटक्यात बारा वर्षांत करायची, हे उद्दिष्ट ठरवताना 'नाही' म्हणणारा कोणी त्या खोलीत होता का, अशी शंका येते.

कलामांनी प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र संचालक दिला: पृथ्वीला व्ही. जे. सुंदरम, त्रिशूलला एस. आर. मोहन, अग्नीला आर. एन. अगरवाल, आकाशला प्रह्लाद, नागला एन. आर. अय्यर. काम प्रयोगशाळेबाहेर पसरवलं. धातू खास मिश्रधातू बनवणाऱ्या मिधानी या सरकारी कंपनीकडे, रडार भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे, जुळणी भारत डायनॅमिक्सकडे. पुण्यातल्या प्रयोगशाळांचा वाटा आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही. इंधन आणि स्फोटकांचं काम सुतारवाडीच्या एचईएमआरएलकडे, तर लाँचरचं दिघीच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) कडे होतं.

चाचण्यांसाठी जागा हवी होती. ओडिशातल्या बालियापाल इथे राष्ट्रीय चाचणी क्षेत्र उभारायचं ठरलं. तिथली जमीन सुपीक, पानमळ्यांची. गावकऱ्यांनी रस्ते अडवले, सरकारी गाड्या गावात येऊ दिल्या नाहीत, आणि काही वर्षांच्या संघर्षानंतर सरकारला तो नाद सोडावा लागला. मग त्याच किनाऱ्यावर चांदीपूरला हंगामी चाचणी क्षेत्र उभं राहिलं. देशाच्या संरक्षणाचं कारण पुढे असूनही शेतकऱ्यांनी जमीन राखली, ही या कार्यक्रमाच्या इतिहासातली एक बाजूला पडलेली पण मोलाची घटना आहे.

पहिली पाच वर्षं आणि बंद झालेली दारं

त्रिशूलची पहिली चाचणी सप्टेंबर १९८५ मध्ये श्रीहरिकोट्यात झाली. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी पृथ्वी उडालं. अग्नीचं उड्डाण एप्रिल आणि मे १९८९ मध्ये दोनदा ऐनवेळी थांबवावं लागलं आणि २२ मे रोजी यशस्वी झालं. १९९० संपेपर्यंत आकाश आणि नागही उडून झाले होते. सात वर्षांत पाचही क्षेपणास्त्रांनी जमीन सोडली. इथवर पाहिलं तर पाचांत फारसा फरक दिसत नाही.

दरम्यान १९८७ च्या एप्रिलमध्ये सात श्रीमंत राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, म्हणजे एमटीसीआर, जाहीर केली. ५०० किलो वजन ३०० किलोमीटरवर नेऊ शकणारं कोणतंही क्षेपणास्त्र किंवा त्याचे महत्त्वाचे भाग कोणाला द्यायचे नाहीत, असा तिचा गाभा. पण व्यवहारात बंदीचा फास याहून बराच रुंद होता. दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तू, म्हणजे खास पोलाद, कार्बन तंतू, संगणक, रडारचे घटक, यांचे परवाने अडू लागले.

आकाशच्या 'राजेंद्र' रडारचं उदाहरण घ्या. हे फेज्ड ॲरे रडार आहे. म्हणजे त्याची तबकडी फिरवावी लागत नाही. सुमारे ४,००० छोटे घटक लहरींची कला (फेज) एका क्रमाने मागेपुढे करतात आणि त्यामुळे किरणझोत क्षणात एका विमानावरून दुसऱ्यावर जातो. कलेत हा बदल घडवणारा भाग म्हणजे फेज शिफ्टर. तो बाहेरून मिळेना. दिल्ली आयआयटीत प्रा. भारती भट यांच्या गटाने फेराइटचे फेज शिफ्टर विकसित केले आणि नंतर ते कारखान्यात हजारोंनी बनवले गेले. अग्नीच्या नाकाचीही तीच कथा. वातावरणात परत शिरताना त्याचं तापमान अडीच-तीन हजार अंशांवर जातं आणि आतली उपकरणं मात्र थंड राहावी लागतात. त्यासाठी लागणारं कार्बन-कार्बन संमिश्र देशातच तयार करावं लागलं. रॉकेट मोटारीच्या कवचासाठी मॅरेजिंग स्टील हे अतिशय मजबूत पोलाद मिधानीने दिलं.

या नकारांच्या गोष्टी भाषणांत फार वापरल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्यांची दुसरी बाजू सांगायला हवी. अग्नीचा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याची घन इंधनाची मोटार होती. नागरी अवकाश कार्यक्रमातली वस्तू लष्करी क्षेपणास्त्रात गेली, हे जगाने पाहिलं. पुढे १९९२ मध्ये रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घेण्याचा इस्रोचा करार अमेरिकेने एमटीसीआरचं कारण देऊन अडवला, इस्रोवर निर्बंध घातले, आणि अखेर तंत्रज्ञान न मिळता फक्त तयार इंजिनं मिळाली. या अडवणुकीमागे अग्नी किती आणि रशियाला बाजारातून दूर ठेवण्याचा हेतू किती, यावर वाद होऊ शकतो. पण त्या इंजिनावर अवलंबून असलेली इस्रोची जीएसएलव्ही ही उपग्रह-वाहक जी दशकभर मागे पडली, तिच्या हिशेबात अग्नीच्या नावे काहीतरी लिहावं लागेल.

उड्डाण आणि दाखल होणं

आता मूळ प्रश्न. १९९० साली पाचही क्षेपणास्त्रं उडालेली होती. तिथून पुढे वाटा फुटल्या.

पृथ्वी लष्कराला १५० किलोमीटर पल्ल्याचं आणि एक टन वजन नेणारं शस्त्र म्हणून मिळालं. लष्कर त्यावर खूष होतं असं नाही. द्रव इंधन आणि त्याचं आम्ल अतिशय दाहक. ते भरून क्षेपणास्त्र फार काळ ठेवता येत नाही, म्हणजे डागण्याआधी टँकरचा ताफा बरोबर हवा, आणि तो शत्रूला दिसतो. तरी लष्कराने ते घेतलं. दुसरं मिळण्यासारखं नव्हतं. एकेकाळी सोव्हिएत संघाने अरब देशांना स्कड विकली होती. पण १९८७ नंतर तो बाजार आटत गेला. पृथ्वीच्या उणिवा लष्कराने सहन केल्या आणि त्याच काळात डीआरडीएलला क्षेपणास्त्र शेकड्यांनी बनवण्याचा, साठवण्याचा, सैनिकांना शिकवण्याचा अनुभव मिळाला. त्या जागी येणारं प्रलय हे घन इंधनाचं क्षेपणास्त्र डिसेंबर २०२१ मध्ये प्रथम उडालं.

अग्नीच्या बाबतीत तर विकत घेण्याचा विचारही शक्य नव्हता. या वर्गाचं शस्त्र सहसा कोणी कोणाला विकत नाही. गंमत म्हणजे सुरुवातीला अग्नीला ग्राहकही नव्हता. तो 'तंत्रज्ञान-प्रदर्शक' होता, म्हणजे तंत्र जमतं हे दाखवण्यापुरता. मे १९९२ ची दुसरी चाचणी फसली, फेब्रुवारी १९९४ ची तिसरी यशस्वी झाली, आणि नंतर अमेरिकेच्या दबावाखाली काम थंडावलं. पोखरणच्या १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर चित्र पालटलं. ११ एप्रिल १९९९ रोजी अग्नी-२ उडालं, तेही पूर्ण घन इंधनाचं. कारगिलनंतर ७०० किलोमीटरच्या अग्नी-१ ची गरज भासली, तेव्हा ते जानेवारी २००२ मध्ये चाचणीला तयार होतं. १९ एप्रिल २०१२ रोजी ५,००० किलोमीटरचं अग्नी-५ आणि ११ मार्च २०२४ रोजी त्याचीच अनेक अस्त्रशीर्षांची चाचणी. गरज स्पष्ट असली आणि दुसरा विक्रेता नसला की तीच यंत्रणा किती वेगाने चालते, याचा हा पुरावा.

त्रिशूलची परिस्थिती नेमकी उलटी. नऊ किलोमीटर पल्ल्याचं हे क्षेपणास्त्र तिन्ही दलांना एकाच वेळी खूष करणार होतं: लष्कराला चालत्या फौजेबरोबर, हवाई दलाला विमानतळांभोवती, नौदलाला समुद्राला चाटून येणाऱ्या क्षेपणास्त्रांविरुद्ध. यातलं तिसरं काम सर्वांत अवघड. लाटांवरून काही मीटर उंचीने येणारं लक्ष्य रडारला पाण्याच्या परावर्तनात हरवतं. त्रिशूलच्या मार्गदर्शनात एका रुंद झोताने क्षेपणास्त्र पकडून मध्यम आणि मग अरुंद झोताच्या हवाली करायचं होतं, आणि या हवाली करण्यातच ते सुटायचं. ब्रह्मपुत्रा वर्गाच्या युद्धनौका त्रिशूल गृहीत धरून बांधल्या होत्या. आयएनएस ब्रह्मपुत्रा २००० साली नौदलात आली तेव्हा ते नव्हतं. कारगिलनंतर नौदल थांबायला तयार नव्हतं. इस्रायलचं बराक-१ बाजारात होतं, त्याच पल्ल्याचं. डीआरडीओचा, म्हणजे डीआरडीएल जिचा भाग आहे त्या संरक्षण संशोधन संस्थेचा, विरोध असूनही ते घेतलं गेलं. त्यानंतर त्रिशूल हे 'तंत्रज्ञान-प्रदर्शक' ठरवण्यात आलं आणि २००८ मध्ये रीतसर बंद झालं.

नौदलाचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. ज्या नौकेवर तीनशे माणसं आहेत तिला 'अजून दोन वर्षं' सांगता येत नाही. प्रश्न असा आहे की हे १९९२-९३ मध्येच का ठरलं नाही. तिन्ही दलांसाठी एकच क्षेपणास्त्र हा आग्रह तेव्हाच सोडला असता, तर लष्कराची साधी आवृत्ती कदाचित पार पडली असती.

नाग तांत्रिकदृष्ट्या वेगळ्याच वाटेने अडकलं. डागल्यानंतर ऑपरेटरने मोकळं व्हायचं आणि क्षेपणास्त्राने स्वतः रणगाडा ओळखून वरून, जिथे चिलखत पातळ असतं तिथे, आदळायचं. त्यासाठी नाकात उष्णता 'बघणारा' सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारं उपकरण, लागतो. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी वाळू आणि उभा रणगाडा यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं, आणि सीकरला समोर सपाट राखाडी चित्र दिसतं. २०१२ च्या सुमाराच्या चाचण्यांत चार किलोमीटरचा पल्ला भर उन्हात मिळेना तो यामुळेच. सुधारित सीकर आला, पण दरवेळी 'युजर'ची, म्हणजे लष्कराची, मागणी थोडी पुढे सरकलेली असायची. या सगळ्या काळात लष्कराचं अडलं नव्हतं. फ्रेंच मिलान आणि रशियन कोंकुर्स ही क्षेपणास्त्रं त्याच भारत डायनॅमिक्समध्ये परवान्यावर बनत होती. २०१४ मध्ये इस्रायलच्या स्पाइकची निवड झाली, ती पुढे रद्द झाली, आणि २०१९ मध्ये तातडीची गरज म्हणून थोडी स्पाइक घेतलीही गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये पोखरणला नागची खऱ्या स्फोटकासह शेवटची युजर ट्रायल झाली. त्यानंतरही करार व्हायला चार वर्षांहून अधिक काळ लागला.

मधलं उदाहरण: आकाश

पृथ्वी-अग्नी एका टोकाला आणि त्रिशूल-नाग दुसऱ्या टोकाला ठेवले तर आकाश मधे येतं, म्हणून त्यावर थोडं अधिक थांबतो.

आकाश म्हणजे ७२० किलोचं, आवाजाच्या अडीच पट वेगाने जाणारं, २५ किलोमीटरपर्यंतची विमानं पाडणारं क्षेपणास्त्र. त्याचं खास अंग म्हणजे रॅमजेट. सुरुवातीला घन इंधनाचा बूस्टर त्याला वेग देतो. तो जळून संपला की तीच रिकामी नळी रॅमजेटचं ज्वलनकक्ष बनते, बाहेरची हवा आत दाबली जाते आणि क्षेपणास्त्र शेवटपर्यंत रेट्याखाली राहतं. साध्या रॉकेटवर चालणारं क्षेपणास्त्र इंधन संपल्यावर नुसत्या वेगावर जातं. विमानाने शेवटच्या क्षणी वळण घेतलं तर त्याच्याकडे वळायला जोर उरत नाही. आकाशकडे तो असतो. त्याच्या रचनेवर सोव्हिएत कुब (एसए-६) ची छाप स्पष्ट आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मार्गदर्शन कमांड पद्धतीचं, म्हणजे मेंदू जमिनीवरच्या रडारात, आणि त्यामुळे नाकात महागडा सीकर लागला नाही. ज्या भागात भारत सर्वांत कच्चा होता तो भागच रचनेत टाळला गेला.

तरीही विकास पंचवीस वर्षं चालला. बाहेर पर्याय नव्हते असं म्हणता येणार नाही. हवाई दलाने इस्रायलचं स्पायडर घेतलंच. पण स्पायडर कमी पल्ल्याचं होतं आणि हवाई दलाकडची १९७० च्या दशकातली पेचोरा क्षेपणास्त्रं म्हातारी होत चालली होती. त्या पल्ल्यात, हव्या त्या संख्येने आणि परवडेल अशा दरात बाहेरून घेणं जड होतं. डिसेंबर २००७ मध्ये चांदीपूरला ओळीने चाचण्या यशस्वी झाल्यावर हवाई दलाने आधी फक्त दोन स्क्वाड्रन मागवले. समाधान झाल्यावर २०१० मध्ये आणखी सहा. आधी थोडं घेऊन वापरून बघायचं आणि मग वाढवायचं, हा मार्ग त्रिशूलला किंवा नागला कधी मिळालाच नाही.

आकाशचं यशही निर्भेळ नव्हतं. २०१७ च्या कॅगच्या अहवालात हवाई दलाला मिळालेल्या क्षेपणास्त्रांवर कडक ताशेरे आहेत: एप्रिल ते नोव्हेंबर २०१४ मध्ये डागलेल्या २० पैकी ६ अपयशी ठरली. म्हणजे प्रयोगशाळेने सिद्ध केलेली गोष्ट कारखान्याला पुन्हा एकदा सिद्ध करावी लागते. रचना, प्रक्रिया आणि दर्जा-तपासणी या तीन वेगळ्या विद्या आहेत, आणि आपण पहिलीचं कौतुक करताना बाकीच्या दोन विसरतो. उणिवा पुढे दूर झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने आकाशच्या निर्यातीला मंजुरी दिली, आणि मे २०२५ च्या संघर्षात सीमेवरचं हवाई संरक्षण करणाऱ्या प्रणालींमध्ये त्याचं नाव सरकारने आवर्जून घेतलं.

मग उत्तर काय

माझं निदान असं. जे शस्त्र बाहेरून मिळत नव्हतं ते घरात पूर्ण झालं, कारण दलांना उणिवांसकट ते घ्यावं लागलं आणि वापरता वापरता ते सुधारलं. जे बाहेरून मिळत होतं त्याची तुलना रोज परदेशी माहितीपत्रकाशी होत राहिली, आणि अर्धवट अवस्थेतलं देशी शस्त्र त्या तुलनेत कधीच जिंकत नाही. ज्या नकारांना आपण अन्याय म्हणतो, त्यांनीच देशी बाजार राखून ठेवला.

यावर रास्त आक्षेप आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला नकाशावरचा न हलणारा बिंदू गाठायचा असतो. विमान किंवा रणगाडा हलतो, चकवतो. तेव्हा त्रिशूल आणि नाग मुळातच अवघड होते, विक्रेत्याचा संबंध काय? संबंध आहे. रॅमजेट आणि फेज्ड ॲरे रडार असलेलं आकाश अवघडपणात त्रिशूलपेक्षा कमी नव्हतं, तरी ते तडीस गेलं. शिवाय नागचं सीकर २०१३ नंतर बरंच सुधारलं होतं. उरलेला दशकभराचा उशीर भौतिकशास्त्राचा नव्हता, खरेदी-प्रक्रियेचा होता. अवघडपणामुळे वर्षं जातात हे मान्य. पण ती वर्षं जात असताना ग्राहक थांबतो की निघून जातो, हे बाजारावर ठरतं.

या निदानातून बाहेरून खरेदीवर सरसकट बंदी घाला असा निष्कर्ष काढणं धोक्याचं होईल. अग्नीला थांबायला वेळ होता. नौकेला नव्हता. ब्राह्मोसने तिसरी वाट दाखवली. फेब्रुवारी १९९८ मध्ये रशियाशी करार, जून २००१ मध्ये पहिलं उड्डाण. तयार इंजिन त्यांचं, मार्गदर्शन आणि जुळणी आपली, आणि नौदल पहिल्या दिवसापासून ग्राहक. त्यातही सीकर बरीच वर्षं रशियाचं होतं. देशी सीकर लावलेलं ब्राह्मोस मार्च २०१८ मध्ये पोखरणला उडालं. २०१६ मध्ये भारत एमटीसीआरचा सदस्य झाला, म्हणजे ज्या कुंपणाबाहेर तीन दशकं काढली त्याच्या आत आला. त्याने काही दारं उघडली, आणि घरच्या अर्धवट शस्त्राला मिळणारं न मागितलेलं संरक्षणही तेवढंच कमी झालं.

एकात्मिक कार्यक्रम डीआरडीओने जानेवारी २००८ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. पण ही परिस्थिती आज दुसऱ्या शस्त्राच्या बाबतीत जशीच्या तशी उभी आहे. खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांची लष्कराला तातडीने गरज आहे. रशियाचं इग्ला-एस उपलब्ध आहे आणि तातडीच्या अधिकारांखाली घेतलंही जातं. दुसरीकडे हैदराबादच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचं याच प्रकारचं व्हीशोराड्स सप्टेंबर २०२२ पासून चांदीपूरला उडतंय. १ फेब्रुवारी २०२५ रोजी कमी उंचीवरच्या वेगवान लक्ष्यांवर त्याच्या लागोपाठ तीन चाचण्या झाल्या. या वेळी उत्पादन करणाऱ्या कंपन्या विकासाच्या टप्प्यातच सोबत घेतल्या आहेत, म्हणजे आकाशच्या कॅग अहवालातून कोणीतरी काही शिकलं आहे. लष्कराने त्याची पहिली छोटी मागणी किती लवकर नोंदवली, आणि इग्लाची पुढची खेप किती मोठी निघाली, या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवावं.